एकवचनी 'दे'

मराठी शाळेत इंग्रजीची पहिली सर्वनामे शिकवताना वर्गात हमखास हशा पिकतो. फळ्यावरचा 'ही' हा पुरुष निघतो, आणि आपली मराठीतली 'ही' तर बाई. 'शी' म्हटले की मागच्या बाकावरून कोणीतरी नाक दाबते. 'दे' म्हटले की कोणीतरी हात पुढे करून खडू मागते. हशा ओसरला की कोष्टक पाठ होते: 'ही' म्हणजे तो, 'शी' म्हणजे ती, 'इट' म्हणजे ते, आणि 'दे' म्हणजे पुष्कळ जण. हे कोष्टक बहुतेकांना जन्मभर पुरते.

मलाही ते बरीच वर्षे पुरले. त्या काळात विद्यार्थ्यांच्या वहीत 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक' असे वाक्य दिसले, की मी 'देअर'वर लाल रेघ ओढली आणि वर 'हिज' लिहिले. 'एव्हरीवन' एकवचनी, 'देअर' अनेकवचनी, म्हणून वाक्य चूक. वर्गातल्या निम्म्या मुली होत्या आणि त्यांच्याही पुस्तकांना मी 'हिज' ठरवत आहे, हे तेव्हा खटकले नाही. नियम तो नियम.

पुढे तो नियम आला कुठून हे शोधण्याची वेळ आली, तेव्हा लक्षात आले की तीच लाल रेघ चॉसरवर, शेक्सपिअरवर आणि जेन ऑस्टिनवरही ओढावी लागली असती. हे छोटे पुस्तक म्हणजे त्या सगळ्या लाल रेघांची परतफेड आहे.

मूळ प्रश्न साधा आहे. एका माणसाविषयी बोलायचे आहे. ते पुरुष आहे की स्त्री हे माहीत नाही, किंवा सांगण्याची गरज नाही, किंवा ते माणूस स्वतःला या दोहोंपैकी कशातच बसवत नाही. अशा वेळी इंग्रजीत कोणते सर्वनाम वापरायचे? 'इट' आहे, पण ते वस्तूंचे आणि जनावरांचे. तान्ह्या बाळाला चालते, मोठ्या माणसाला लावले की अपमान होतो. कवी कोलरिजने १८०८ मध्ये आपल्या टिपणवहीत अशा जागी 'इट' वापरावे असे सुचवून पाहिले होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही. मग चार वाटा उरतात: सरसकट 'ही' म्हणणे, दर वेळी 'ही ऑर शी' म्हणणे, नवेच सर्वनाम घडवणे, किंवा 'दे'ला एकवचनात बसवणे. पुस्तकाचे पहिले चार भाग या चार वाटांचे आहेत. पाचवा भाग मराठी वाचकासाठी आहे, आणि माझ्या मते तोच या पुस्तकाचे खरे कारण.

चारही वाटांत सर्वांत नवी म्हणून जिच्यावर टीका होते, ती 'दे'ची वाट वास्तविक सर्वांत जुनी आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाने नोंदवलेला एकवचनी 'दे'चा पहिला लेखी दाखला १३७५ च्या सुमाराचा आहे. तो विल्यम आणि लांडगा-माणूस यांच्या एका पद्यकथेत सापडतो. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये तो आहे, शेक्सपिअरच्या नाटकांत आहे, आणि जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तर पानोपानी भेटतो. 'कोणीतरी', 'प्रत्येक जण', 'जो कोणी' असा शब्द वाक्यात आला की मागोमाग 'दे' किंवा 'देअर' येणे ही इंग्रजी बोलणाऱ्यांची सहाशे वर्षांहून जुनी सवय आहे. मराठीत 'एकवचनी' म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणारा. त्या अर्थानेही हा 'दे' एकवचनी म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी, की 'दे' मुळात इंग्रजी घरातला नव्हेच. प्राचीन इंग्रजीत 'तो', 'ती' आणि 'ते सगळे' यांसाठी असलेली सर्वनामे उच्चाराने इतकी जवळ आली की ऐकणाऱ्याला फरक कळेना. त्याच काळात इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वस्ती करून राहिले होते. त्यांच्या भाषेतले अनेकवचनी सर्वनाम इंग्रजांनी उचलले, तेच हे 'दे'. एखादी भाषा दुसरीकडून भांड्यांची, कपड्यांची, पदार्थांची नावे सहज घेते. सर्वनामे घेणे म्हणजे घराची तुळई शेजाऱ्याकडून आणण्यासारखे आहे. इंग्रजीने तेही केले. चॉसरच्या काळापर्यंत 'दे' रुळला होता, पण 'देअर' आणि 'देम' त्याच्या लेखणीत अजून आले नव्हते. तिथे जुनीच रूपे होती. तुळई बदलायलाही दोन-तीन शतके लागली.

एका माणसाला अनेकवचन लावण्याची उडीही इंग्रजीने याआधी एकदा मारली आहे. एके काळी इंग्रजीत एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' म्हणत; अगदी आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे. मग मोठ्या माणसांना मानाने 'यू' म्हणणे सुरू झाले, मान वाटता वाटता तो सगळ्यांच्याच वाट्याला आला, आणि 'तू' रोजच्या बोलण्यातून गेला. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी याला विरोध केला. देवापुढे सगळे सारखे, मग एका माणसाला अनेकवचन का? न्यायाधीश असो वा उमराव, ते सर्वांना 'तू'च म्हणत आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेत. त्यांचे पुढारी जॉर्ज फॉक्स यांनी १६६० मध्ये सहकाऱ्यांसह याच विषयावर एक जाडजूड ग्रंथ काढला: एकवचन ते एकवचन आणि अनेकवचन ते अनेकवचन. आज जे म्हणतात की एकासाठी 'दे' वापरणे तर्काला धरून नाही, त्यांनी हे लक्षात घ्यावे की समोरच्या एकाच माणसाला 'यू आर' म्हणताना तेही फॉक्स यांच्याशी झालेली लढाई जिंकलेल्यांच्याच बाजूने बोलत असतात. 'यू'ला 'आर' हे अनेकवचनी क्रियापद आपण निमूट लावतो; एकवचनी 'दे'लाही तेच लागते. 'यू' एकाला लावले की 'युअरसेल्फ' होते, तसे 'दे'चे 'देमसेल्फ' होते, आणि हे रूपही मध्ययुगीन लेखनात सापडते.

मग 'ही' सरसकट कधीपासून? अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये व्याकरणाच्या पुस्तकांची बाजारपेठ उभी राहिली. लॅटिनच्या मापाने इंग्रजीला शिस्त लावणे हा तेव्हाचा ध्यास होता. न्यूकॅसलच्या शिक्षिका अ‍ॅन फिशर यांच्या १७४५ च्या व्याकरणात, पुरुषवाचक सर्वनाम दोन्ही लिंगांना लागू पडते, हा नियम आढळतो. एका बाईंनी तो लिहावा यातली विसंगती अभ्यासकांनी अनेकदा दाखवली आहे. त्यानंतर पन्नास वर्षांनी लिंडली मरे यांचे व्याकरण आले. मरे मूळचे अमेरिकन वकील, यॉर्कजवळ स्थायिक झालेले, धर्माने क्वेकर. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ मध्ये हे पुस्तक लिहिले, आणि त्यात एकवचनी 'देअर' असलेली वाक्ये चुकीची म्हणून देऊन ती 'हिज' घालून सुधारून दाखवली. ज्या पंथाने 'यू'पुढे हार खाल्ली, त्याच पंथाच्या माणसाने 'दे'ला दाराबाहेर काढले, आणि तेही मुलींच्या शाळेसाठी. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. तेच वळण पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून आपल्याकडच्या शाळांत पोचले आणि तिथून माझ्या लाल शाईत.

व्याकरणाच्या वहीतला 'ही' कायद्याच्या पुस्तकात गेला तेव्हा त्याचे खरे रूप दिसले. या भागावर मी पुस्तकात मुद्दाम जास्त पाने खर्च केली आहेत. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० मध्ये कायदा केला, की कायद्यातला पुल्लिंगी शब्द स्त्रीलाही लागू समजावा. उद्देश शब्द वाचवण्याचा. पण १८६७ मध्ये मताधिकाराचे विधेयक आले तेव्हा जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यातला 'मॅन' हा शब्द काढून 'पर्सन' घालण्याची सूचना मांडली, आणि ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या स्त्रियांचा दावा न्यायालयात आला: पुल्लिंगात स्त्रिया येतात असे कायदाच म्हणतो, तर आम्हालाही मत हवे. न्यायालयाने नाही म्हटले. करांच्या आणि शिक्षेच्या कलमांत 'ही'मध्ये स्त्री होती, मताच्या कलमात नव्हती. अमेरिकेत १८७२ मध्ये मत टाकल्याबद्दल अटक झालेल्या सुझन अँथनी यांनी आपल्या भाषणांतून नेमके यावरच बोट ठेवले: हक्काच्या कायद्यातला 'ही' आम्हाला वगळत असेल, तर कराच्या आणि फौजदारी कायद्यातल्या 'ही'मधूनही आम्हाला सोडा.

हा खेळ हिंदुस्थानातही झाला. १८६० च्या दंडसंहितेच्या आठव्या कलमात 'ही' हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे गुन्हा केला तर बाईलाही शिक्षा. पण १९१६ मध्ये कायद्याच्या पदवीधर रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने ती नाकारली. वकिलांविषयीच्या कायद्यातला पुल्लिंगी 'ही' तिथे स्त्रीपर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, तरी त्यांनाही न्यायालयाचे दार उघडायला तीसेक वर्षे वाट पाहावी लागली. स्त्रियांना वकिलीतून वगळता येणार नाही, हे सांगण्यासाठी १९२३ मध्ये वेगळा कायदाच करावा लागला. 'ही'मध्ये स्त्रिया असतातच, हे वाक्य आजही कोणी सहज म्हणते तेव्हा मला हे खटले आठवतात. त्या 'असतात' खऱ्या. पण कधी, हे दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. आपल्या नव्या भारतीय न्याय संहितेने, २०२३ च्या, या 'ही'ची व्याख्या आणखी रुंदावून त्यात पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी अशा तिघांना बसवले आहे. व्याख्या मोठी झाली, शब्द मात्र तोच राहिला.

दुसऱ्या वाटेबद्दल थोडक्यातच. 'ही ऑर शी' न्यायाचे आहे, पण दोन-तीन वाक्यांत दम लागतो. सरकारी अर्जातले 'त्याने/तिने त्याच्या/तिच्या' वाचून ज्यांचे डोळे तिरपे झाले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

तिसरी वाट हौशी लोकांची, आणि ती फार गमतीदार आहे. गेल्या दोन शतकांत इंग्रजीत अशी शेकडो सर्वनामे घडवली गेली. त्यांतले सर्वांत नशीबवान 'थॉन'. अमेरिकेतले वकील आणि भजनांना चाली देणारे संगीतकार चार्ल्स कॉन्व्हर्स यांनी 'दॅट वन' हे दोन शब्द दाबून ते तयार केले आणि १८८४ मध्ये जाहीर केले. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात त्याला जागा मिळाली. १९६१ च्या आवृत्तीत ती गेली, कारण ते कोणी वापरतच नव्हते. अशा सर्वनामांचा इतिहास लिहिणारे डेनिस बॅरन यांनी दोनशेहून अधिक नमुने गोळा केले आहेत. बहुतेकांची गोष्ट जन्म आणि मृत्यू एवढ्यातच संपते. पण ही वाट बंदच आहे असेही नाही. स्वीडिश भाषेत 'तो'साठी 'हान' आणि 'ती'साठी 'हून' होते; त्यांच्या मधोमध 'हेन' हे सर्वनाम शेजारच्या फिनिश भाषेच्या मदतीने रुजले आणि २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत दाखल झाले. इंग्रजीला मात्र तशी निकड कधी भासली नाही, कारण 'दे' घरात होताच.

तो कधी बाहेर गेलाच नव्हता. व्याकरणकार ओरडत राहिले आणि लोक बोलत राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी अभ्यासकांनी सरसकट 'ही'वर हल्ला चढवला, तेव्हा लिहिणारेही विचारात पडले. उर्सुला ले ग्विन यांनी १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत स्थिर लिंग नसलेल्या माणसांचा ग्रह रंगवला, पण त्यांच्यासाठी 'ही' वापरले. आधी त्यांनी त्याचे समर्थन केले. पुढे आपले मत बदलले आणि तसे जाहीरपणे लिहिले. मोठ्या लेखिकेने स्वतःवर ओढलेली ही लाल रेघ मला फार मोलाची वाटते. त्यानंतरचे टप्पे वेगाने आले. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१५ चा शब्द म्हणून एकवचनी 'दे' निवडला. असोसिएटेड प्रेसच्या लेखनपुस्तिकेने २०१७ मध्ये त्याला मोजक्या जागी मुभा दिली. २०१९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तकाने त्याचा पुरस्कार केला, आणि त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले.

इथे एक भेद वाचकाने नीट धरून ठेवावा, कारण बहुतेक वाद तो न धरल्यामुळे होतात. 'कोणीतरी आपली छत्री विसरले' यातला 'देअर' सहाशे वर्षांचा आहे. पण जे माणूस ओळखीचे आहे, ज्याचे नाव ठाऊक आहे, आणि जे स्वतःला स्त्री वा पुरुष म्हणवत नाही, त्याच्यासाठी 'दे' वापरणे हा अलीकडचा विस्तार आहे. पहिला वापर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून नकळत होतो. दुसऱ्यासाठी त्यांनाही लक्ष द्यावे लागते आणि त्यांचीही जीभ अडखळते. दोन्हींना एकाच तराजूत घालून 'हे अशुद्ध' म्हणणे जसे चूक, तसेच 'यात नवीन काहीच नाही' म्हणणेही चूक.

आता मराठी वाचकाकडे वळायला हवे. आपण 'दे'कडे पाहून चकित व्हावे, याचेच मला आश्चर्य वाटते. 'साहेब आले, ते बसले, त्यांनी चहा घेतला' या वाक्यात साहेब किती? एकच. एका माणसाला अनेकवचन लावणे हे आपण आजी-आजोबांच्या मांडीवर शिकतो. 'ते आले' म्हणजे एक की अनेक, हा गोंधळ आपल्याकडेही होतो, आणि गरज पडली की आपण 'मंडळी', 'लोक' असे शब्द जोडून तो सोडवतो. फरक इतकाच, की आपले अनेकवचन आदराचे आहे आणि त्यात लिंग शाबूत राहते: बाबा 'ते', आई 'त्या'. इंग्रजीचे अनेकवचन अज्ञाताचे आहे.

आणि अज्ञातासाठी मराठीत दुसरी सोय आहे. दारावर थाप पडली की आपण 'कोण आलंय?' असे विचारतो. आला नाही, आली नाही, आलं. 'कोणी फोन केला होता?' 'कोणीतरी भेटायला आलं होतं.' पुरुष की स्त्री हे ठरेपर्यंत मराठी माणसाला नपुंसकलिंगाच्या ओसरीवर बसवते, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. दोन पुरुष असतील तर 'दोघे', दोन स्त्रिया 'दोघी', आणि नवरा-बायको 'दोघं'. मिश्र जोडीला पुरुषाच्या नावावर न खपवता तिच्यासाठी वेगळे रूप राखणारी भाषा आपली आहे. 'माणूस' हा शब्दही अनेकदा 'चांगलं माणूस', 'बाईमाणूस' असा नपुंसकात रमतो. कोल्हापूरकडच्या मुली खुशाल 'मी जातो' म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही.

तरीही मराठीत अडचण नाही असे नाही. ती वेगळ्या जागी आहे. इंग्रजीत लिंगाचा जवळजवळ सगळा भार तृतीय पुरुषी सर्वनामाच्या एका खांबावर आहे. तो खांब बदलला की काम झाले. मराठीत हा भार क्रियापद, विशेषण, षष्ठीचे प्रत्यय असा सगळीकडे वाटलेला आहे. भाषांतर करणाऱ्याला हे पहिल्याच पानावर कळते. इंग्रजी रहस्यकथेत खुन्याला 'दे' म्हणून शेवटपर्यंत पडद्याआड ठेवता येते. मराठीत 'त्यांनी दार उघडले, त्यांनी पत्र जाळले' इथपर्यंत निभते, कारण 'त्यांनी'ला लिंग नाही आणि क्रियापद दाराशी, पत्राशी जुळते. पण खुनी जिन्यावरून उतरला की ते उतरले की त्या उतरल्या, हे सांगावेच लागते आणि रहस्य फुटते. पाचव्या भागात अशा पन्नासेक वाक्यांवर काम करून दाखवले आहे: कुठे कर्तरी प्रयोग टाळून कर्मणी वा भावे प्रयोग घ्यावा, कुठे 'आपला' आणि 'स्वतः' उपयोगी पडतात, कुठे 'व्यक्ती' म्हणून स्त्रीलिंगाच्या आडोशाला जावे, आणि कुठे सरळ हार मानावी.

हे पुस्तक कोणाला काही म्हणायला भाग पाडण्यासाठी नाही. इंग्रजीचे शिक्षक, भाषांतर करणारे, परदेशी कचेऱ्यांशी पत्रव्यवहार करणारे, आणि ज्यांची मुले-नातवंडे घरी येऊन 'माझ्या मैत्रातल्या एकाचे सर्वनाम दे आहे' असे सांगतात ते पालक, अशा सर्वांच्या हाताशी असावे म्हणून ते लिहिले आहे. परीक्षेत किंवा कार्यालयात ठरलेली लेखनपद्धती असेल तर ती पाळावी. मोकळीक असेल तिथे अनोळखी माणसासाठी 'दे' बिनधास्त वापरावे. आणि ओळखीच्या माणसाने आपले सर्वनाम सांगितले असेल, तर ते त्याच्या नावासारखे घ्यावे. नाव बरोबर उच्चारण्यासाठी आपण व्याकरणाचा दाखला मागत नाही.

शेवटी एक विनंती. या प्रस्तावनेत 'मी' अनेकदा आले आहे: मी रेघा ओढल्या, मला आश्चर्य वाटले, मी पाने खर्च केली. हे सगळे करणारे माणूस पुरुष आहे की स्त्री, हे तुम्ही मनात केव्हाच ठरवले असेल. पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून पाहा आणि ते कोणत्या शब्दावरून ठरवले, तेवढे शोधा.